शेवंती नावाचा काढा

रविवारी दुपारी लातूरच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर, मी पुन्हा एकदा कॉकटेल बनवलं. ज्या घरात अंडंसुद्धा आणत नाहीत, त्या घरात... आणि तेही आईनं सांगितलं म्हणून.

मी हैदराबादला एका हॉटेलात बारटेंडर आहे. नातेवाइकांत मात्र मी 'हॉटेल लाइनमध्ये' आहे. हा शब्द आईनं शोधलाय आणि लग्नकार्यात तो व्यवस्थित चालतो.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, गंजगोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि कापड मोजून झालं की वर बोटभर जास्त सोडायची सवय. माणूस कसा आहे हे ते त्याच्या मापावरून ठरवायचे.

माझ्या कामाबद्दल मात्र एक अक्षर बोलायचे नाहीत. चांगलं नाही, वाईटही नाही... सणाला घरी गेलो की सोयाबीनच्या भावावर बोलायचे, पावसावर बोलायचे, आणि मी वाट बघत बसायचो.

मागच्या हिवाळ्यात त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला, तोही फार उशिरा. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खातील ते द्या. पण खाणार काय? दुधात भाकरी कुस्करून दिली तरी माती खाल्ल्यासारखं तोंड करायचे.

मी सुट्टी टाकून आलो. हॉटेलात नवा मेन्यू येणार होता, एका जुन्या कॉकटेलवर हात बसवायचा होता, म्हणून बॅगेत बाटल्या होत्या. त्या तशाच बॅगेत राहणार होत्या. पण एका दुपारी आप्पा खाटेवरून अचानक म्हणाले, "तू तिथं करतो काय रं नेमकं? करून दाखव."

मी बॅगेतून बाटल्या काढल्या.

या कॉकटेलचं नाव क्रिसँथेमम, म्हणजे आपली शेवंती. फुलाचा त्यात काही संबंध नाही. व्हर्मूथ म्हणजे जडीबुटी मुरवलेली वाइन, ती दोन मापं. जडीबुटींचंच एक लिक्यूअर, म्हणजे गोड दारू, एक माप. वर ॲबसिंथचे थोडे थेंब... हिरवट, कडू, बडीशेपेच्या वासाचं.

आप्पा माझ्या हातातल्या मापाकडे एकटक बघत होते. आमच्या कामात त्याला जिगर म्हणतात, असं मी सांगितलं.

"जिगर लागती व्हय याला?" म्हणाले, आणि हसले. त्या आजारपणात ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

बर्फात सावकाश ढवळलं, चहाच्या गाळणीनं स्टीलच्या फुलपात्रात गाळलं, वरून संत्र्याची साल पिळली. चमचाभर त्यांच्या जिभेवर टेकवलं. त्यांनी ते तोंडात घोळवलं.

"कडू हाय," म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा कशाची तरी चव लागली होती... मला रडूच आलं.

मग म्हणाले, "काढा हाय की रं हे."

"हाव आप्पा. काढाच हाय," मी म्हणालो. खरं सांगायचा धीर झाला नाही.

त्यानंतर रोज दुपारी ते चमचाभर मागायचे. भेटायला येईल त्याला सांगायचे, "आमचं पोरगं हैद्राबादला काढे करून राहिलंय. लई जडीबुटी असती त्यात." औशाचे काका माझ्याकडे बघायचे आणि मी फरशीकडे.

पुढे तो चमचाही सुटला. मग आप्पा गेले. माती देताना शेवंतीचे इतके हार होते, की तो वास पुढे कितीतरी दिवस नाकातून गेला नाही.

मी कामावर परतलो. ते कॉकटेल मेन्यूवर आलं होतं, पण ऑर्डर आली की मी दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगायचो. जन्मभरात आप्पांनी माझ्या कामाचं नाव घेतलं ते शेवटी शेवटी, आणि तेही खोटं... मी त्यांना फसवून पाठवलं, हेच डोक्यात बसलं होतं.

या रविवारी घरी गेलो, तर आई म्हणाली, "त्यांच्यासाठी करत होतास ते कर. मला बी बघू दे कसं लागतं." तिनं घरीच राहिलेल्या बाटल्या आणि तेच फुलपात्र काढलं. बाकीच्या भांड्यांपासून ते तिनं वेगळं ठेवलं होतं.

एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! दारूच हाय की ही."

मी फरशीकडे बघितलं.

"ते म्हनलेच होते," आई म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

मला कळेचना. मग तिनं फुलपात्र खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी मी खोलीबाहेर गेल्यावर आप्पा तिला म्हणाले होते, "दारू हाय ती. मला कळत न्हाई व्हय? पण पोराचं माप बघितलंस का... लई चोख हाय."

आईनं विचारलं होतं, "मंग काढा काढा का म्हनून राहिलात?"

तर म्हणाले, "लोकांना सांगाया नको का, पोरगं काय करतंय ते?"

फुलपात्र मी घेतलं आणि उरलेलं तिथंच ओट्याशी उभा राहून संपवलं. खूप कडू लागलं. आईनं पदरानं डोळे पुसले आणि फुलपात्र विसळायला घेतलं.

हे मला तोंडावर म्हणाले असते तर... पण आमच्या घरात कौतुक पाठीमागेच करतात. आता उत्तर द्यायला गेलं तरी ऐकायला कुणी नाही.

नातेवाईक ही पोस्ट वाचतीलच, औशाचे काकाही वाचतील. तर सांगून टाकतो... मी हॉटेल लाइनमध्ये नाही, मी काढेही करत नाही. मी बारटेंडर आहे. माझं माप चोख आहे, आमच्या आप्पांनी स्वतः बघितलंय.