फोनवरून गाडी बंद करायचं बटण

पिकअप घ्यायची ठरली की कामठ्यातले लोक आधी माझ्या अंगणात येऊन बसतात. वरचं मॉडेल गावात पहिल्यांदा मी आणलं, म्हणून मी त्यातला जाणकार. "काय काय घेण्यासारखं हाय गा त्यात?" असं विचारतात आणि मी सांगतो. मागचा कॅमेरा घ्याच. पूर्वी गाडी मागे घेताना एक हमाल मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारायचा आणि "आन, आन, आन" म्हणून ओरडायचा. एका हंगामात राईस मिलची भिंत आणि गाडीचा मागचा डाला यांच्यामध्ये अशाच एकाचा पंजा सापडला. त्याची दोन बोटं मी स्वतः दुपट्ट्यात बांधून दवाखान्यात नेली आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याला कोणी चोचले म्हटलं की माझं डोकं फिरतं. एसी घ्या. मे महिन्यात आमच्याकडे डाल्याच्या कडीला उघडा हात लागला तर कातडी सोलते. पट्टा लावला नाही की टींटीं करणारी घंटी फुकट आहे, आमचे लोक पट्टा सीटच्या मागून लावून देतात आणि वर ऐटीत बसतात. मोठी टचस्क्रीन घेऊ नका. धानाचा कोंडा आत शिरतो, आणि नव्याचे नऊ दिवस संपले की ती फक्त गाणी वाजवते.

फोनवरच्या ॲपचं मात्र मला कोणी विचारत नाही. त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

मी रागीट माणूस आहे. आमच्या घरात तोंडाआधी हात पोचतो. बाप आम्हाला बैलबंडीच्या दोरानं फोडायचा, मी धाकट्या भावाला फोडायचो, आणि तो माझ्याहून सात वर्षांनी लहान असल्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त बैल उरायचा. एकदा मी त्याला विहिरीच्या दगडावर असा आपटला होता की त्याचा खालचा दात ओठातून बाहेर आला. संध्याकाळी दोघं एकाच ताटात जेवलो. मी त्याला प्रेमच म्हणायचो, आजही थोडंफार म्हणतो.

पिकअप दोघांची. तो चालवायचा, कारण हात त्याचा चांगला. कागदावर नाव माझं आणि ॲप माझ्या फोनवर, कारण मी मोठा. ॲप त्यानंच बसवून दिलं. गाडी कुठं आहे ते दिसतं, वेग दिसतो, जोरात ब्रेक मारला तर कळतं, इंजिन चालू ठेवून उभी असली तर तेही कळतं. आणि गाडी चोरीला गेली तर फोनवरूनच इंजिन बंद करायचं एक लाल बटण. "लॉक लावाले पिन नाही लागत, काढाले लागते," असं त्यानं मला समजावलं होतं. चार आकडेही सांगितले होते. मी हूं हूं करत होतो, लक्ष दुसरीकडे होतं.

त्या दिवसापासून मी कामधाम सोडून त्या फोनमध्ये डोकं घालून बसू लागलो. तो गोंदियाच्या मिलमध्ये धानाचे कट्टे उतरवत असला की माझा फोन जायचा: ब्रेक काऊन मारला? ऐंशीच्या वर काऊन गेला? दिवसातून आठ-दहा वेळा. एकदा तो म्हणाला, "भाऊ, गाडी तू चालवून राहिला का मी?" मला ते आवडलं नाही. खरं सांगतो, त्याच्यावर नजर ठेवण्यात मला मजा यायची.

उन्हाळी धान निघाला होता. खळ्यावर कट्टे भरणं चालू होतं, सहा हमाल होते, माय मडक्यातलं पाणी वाटत होती. ऊन असं की हमालांच्या पाठीवरचा घाम वाळून मीठ दिसत होतं. तो सकाळची पहिली खेप टाकून परत आला तेव्हा मी फोन हातात घेऊन उभाच होतो. पडद्यावर आलं होतं, बिरसीजवळ गाडी चाळीस मिनिटं उभी, इंजिन चालू.

"बिरसीत काय होतं बे?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"झोपलो होतो."

"इंजिन चालू ठेवून?"

"एसीत झोपलो. पहाटपासून गाडीवर हाओ मी. एसी मंग कायले घेतला भाऊ, फोटो काढाले?"

हमाल हसले. एक जण तर कट्टा खाली ठेवून हसला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी त्याला मारला. फोन हातात होता, तो हातातून सोडायचं भान मला नव्हतं. मूठ वळली ती फोनसकट, आणि फोनचा कोपरा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. फार आवाज झाला नाही. पिकलेला चिकू दाबावा तसं काहीतरी माझ्या मनगटाला कळलं.

तो खाली बसला नाही. तो वळूसारखा डोकं खाली घालून माझ्यावर आला, आम्ही दोघं धानाच्या ढिगावर पडलो. त्यानं माझ्या तोंडावर कोपर मारलं, माझा एक दात हलला, मी त्याचा कान धरून पिळला, त्यानं माझ्या पोटात गुडघा घातला. धान तोंडात, नाकात, बनियनच्या आत. हमाल बघत उभे राहिले. आमच्याकडे भावाभावाच्या मारामारीत परका पडत नाही. शेवटी मायनं अर्धं मडकं आमच्यावर ओतलं, तेव्हा सुटलो.

त्यानं डोळ्यावर तळहात दाबला होता. बोटांमधून रक्त आणि काही पाण्यासारखं येत होतं. तो गाडीत बसला, अर्धे भरलेले कट्टे तसेच डाल्यात ठेवून, एका हातानं चालवत निघून गेला.

मला काय वाटलं? मला वाटलं, पळाला गाडी घेऊन. त्याचं सासर मुर्रीला. दर भांडणात त्याची एकच धमकी असायची, "गाडी घेऊन मुर्रीले चाललो जाईन." मुर्री गोंदियाला लागूनच. दवाखानाही गोंदियाला, रस्ता तोच. फोनवर एक निळा बाण त्या रस्त्यानं पुढे सरकत होता. बाण कुठं चालला ते दिसत होतं, कशासाठी चालला ते कोण सांगणार?

फोनची काच तडकली होती. तिच्या फटीत भुवईचा एक केस अडकला होता. मी तो नखानं काढला आणि लाल बटण दाबलं.

चालती गाडी त्यात बंद होत नाही. "इंजिन बंद केल्यावर लॉक लागेल," असं पडद्यावर आलं. म्हणून मी वाट बघत बसलो. बाण बिरसीहून पुढे गेला आणि रेल्वेच्या फाटकाशी थांबला. फाटक बंद असलं की आमच्याकडे सगळेच इंजिन बंद करतात, मालगाड्या वेळ खातात. निळा बाण लाल झाला. मला आनंद झाला. इतका, की दात दुखत असतानाही मी मोठ्यानं हसलो आणि मायला म्हणालो, "घ्या, बसला आता फाटकावर माशा मारत."

त्याचा फोन आला. मी काटला. पुन्हा आला. पुन्हा काटला. तिसऱ्या वेळी माय म्हणाली, "उचल ना बाबू." मी हसत हसत काटला. काटण्याची चव मला लागली होती.

मग मायच्या छोट्या फोनवर त्याचा फोन आला. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "डोऱ्यानं काईच दिसून नाही राहिलं म्हनते. दवाखान्यात चालला होता. रगत थांबून नाही राहिलं. गाडी काऊन बंद केली म्हनते भाऊनं."

लॉक काढायला गेलो तर पिन मागितला. चार आकडे. त्यानं सांगितलेले, मी न ऐकलेले. माय फोन माझ्यापुढे धरून उभी होती, तो लाईनवर होता, मला फक्त विचारायचं होतं. आणि मी विचारलं नाही. ज्याला आत्ताच फोडला त्याच्यासमोर, सहा हमालांच्या देखत, "पिन सांग रे" म्हणायला माझी जीभ उचलेना. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो माणूस मी. मी गाडीच्या नंबरचे आकडे टाकले. चूक. एक-दोन-तीन-चार टाकले. चूक. माय ओरडली, "इचार ना त्याले, इचार ना!" मी माझ्या लग्नाचं साल टाकलं. चूक. पडद्यावर आलं, अर्ध्या तासानं प्रयत्न करा.

मग मोटारसायकल काढली. त्या रस्त्यावर मी अशी गाडी कधी चालवली नाही. एक बकरी उडवली, मागे वळून पाहिलं नाही.

फाटक उघडलेलं होतं. आमची पिकअप सगळ्यांत पुढे, अगदी रुळाच्या तोंडाशी, मागे ट्रक, ऑटो, ट्रॅक्टर, आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. तिच्या दाराशी तीन-चार माणसं होती. "दारू पीके रोड अड़ा दिया साला!" असं कोणीतरी ओरडत होतं. एकानं माझ्या भावाची कॉलर धरलेली, दुसऱ्यानं त्याला मागून काखेत हात घालून पकडलेलं. त्याच्या डोळ्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि तो दुपट्टा पांढरा होता हे सांगूनही पटलं नसतं.

माझ्या भावाला परके हात लावतात! पिकअपच्या सीटमागची लोखंडी टॉमी मी ओढून काढली आणि मागून धरणाऱ्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तो मटकन खाली बसला आणि त्याच्याबरोबर भाऊही कोसळला. कॉलरवाला पळाला. मी दुसरा घाव काढला होता, तेवढ्यात भावानं खालूनच माझा पाय धरला.

"त्याले काऊन मारलं गा? त्यानं मले पानी पाजलं. त्यानं धरून ठेवलं होतं, मी पडाले आलो होतो."

तो माणूस रस्त्यावर खांदा धरून बसला होता. त्याची पाण्याची बाटली चाकाखाली लोळत होती. "पागल है क्या भाई," तो मला म्हणाला, रडत. लोकांनी पिकअप ढकलून कडेला लावली. ढकलता ढकलता एकानं माझ्या पाठीत लाथ घातली, ती मला पोचली हेही मला नंतर कळलं. भावाला मोटारसायकलवर मागे बसवलं. त्यानं माझी कंबर धरली नाही, सीटची कडी धरली.

गोंदियातल्या डॉक्टरनं डोळा उघडून पाहिला आणि लगेच नागपूरला न्यायला सांगितलं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तासभर आधी आणला असता तर? तो म्हणाला, कदाचित फरक पडला असता, कदाचित नाही. मी त्याचा हात धरून म्हणालो, काहीतरी एक सांगा. त्यानं हात सोडवून घेतला.

नागपुरात दहा दिवस ठेवून त्यांनी डोळा काढला. दुसऱ्याला धक्का बसू नये म्हणून, असं म्हणाले. कट्टे उचलायचा लोखंडी हूक लागला, असं भावानं स्वतः पोलिसांना लिहून दिलं. खांदा मोडलेल्या माणसाच्या घरी मी गेलो, पायावर डोकं ठेवलं, त्याच्या बायकोनं मला चपलेनं मारलं. बरं वाटलं मला. तेवढं एकच त्या उन्हाळ्यात बरं वाटलं.

भाऊ मुर्रीलाच राहिला, सासरी. धानाची रोवणी संपल्यावर एक दिवस आपले कपडे आणि मुलीची सायकल न्यायला आला. काळा चष्मा लावला होता. मी अंगणात त्याच्यापुढे उभा राहिलो. महिनाभर मनात घोळवलेलं मी बोललो, "मार मले. जे हातात येईन ते घे अन् मार. डोरा फोड माझा. मी हात नाही उचलत."

तो सायकलचं चाक बघत होता, त्यात हवा नव्हती.

"मारलं त्याचं नाही गा भाऊ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. "तुहा मार मी लहानपनापासून खाऊन राहिलो. लागला तर लागला. फाटकावर मी तुले तीनदा फोन लावला. मले वाटलं, घंटी वाजून नसन राहिली. रेंज नसन. तिसऱ्यांदा वाटलं, भाऊ मारामारीत पडला असन, त्याले काई झालं तर नाही. मंग नागपूरले माय सांगे का तू हासून राहिला होता."

मी मायकडे पाहिलं. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

मला म्हणायचं होतं की नाही, असं नव्हतं. पण तसंच होतं. मी हसत होतो. त्यानं सायकल खांद्यावर टाकली आणि अंगणाचं फाटक लोटून निघून गेला.