पुतणीच्या मशीनीत काका

चहा आधी संपवा, मंग सांगतो. नाहीतर ठसका लागन! हैदराबादले जाऊन मी जो घोळ घातला ना, तो पार डोकं चालवून घातला.

माझी पुतणी सुमन तिकडं एमआरआयवर संशोधन करते. तिचे वडील, म्हणजे आमचा दादा, आजारी होता तवा त्याच्या बोटाले ऑक्सिजनचा चिमटा लावला होता. आकडा चांगला दाखवे, अन् माणूस हातचा जाऊन राह्यला होता. "बोटातलं कळलं काका, पण डोक्यानं किती घेतलं, ते कोण सांगन?" पोरीनं विचारलं होतं. पुढं तिनं तेच काम धरलं.

तर तिले तपासणीसाठी धडधाकट माणसं पाहिजे होती. मी तलमडुगू गावचा, भाजी पिकवणारा माणूस. वांग्याची तोड सोडून निघालो.

मशीनीजवळ सुमननं समजावलं, "डोक्यातून परतणाऱ्या रक्तात किती ऑक्सिजन उरला, ते दोन पद्धतींनी मोजायचं. एकीत रक्ताचं चुंबकपण पाहायचं, दुसरीत त्याचा सिग्नल किती लवकर विरते ते. दोन्ही आकडे जुळले पाहिजे. तुमी फक्त पडून राहा."

आता तुमीच सांगा, ऑक्सिजन मोजून राह्यले म्हणल्यावर नुसतं कोण पडून राहीन? पोरीच्या कामात सख्ख्या काकाचा आकडा कमी निघावा? तलमडुगूची काही इज्जत आहे का नाही!

आत ठोकठोक सुरू झाली, तसा मी लोहाराच्या भात्यावानी श्वास ओढाले लागलो. बोटाले मुंग्या आल्या, डोकं गरगरलं. दुसऱ्या पद्धतीची पाळी आली तोवर दम संपला होता. गुपचूप पडलो.

बाहेर आलो तर सुमनचा चेहरा उतरलेला.

"आकडे जुळूनच नाही राह्यले काका. बाकी साऱ्यांचे जुळले होते. पद्धतच चुकली का काय..."

तिचे डोळे भरले. मंग मले बोलणं भागच होतं.

"सुमे, पहिल्या खेपेले मी जरा... जास्त भरून घेतला. ऑक्सिजन."

"काका! लय जोरानं श्वास घेतला का डोक्यातल्या शिरा आवळतात, रक्त कमी पोचते, अन् डोकं त्यातूनच जास्त ऑक्सिजन ओढून घेते. परतणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन उलटा कमी होते!"

"म्हणजे मेहनत करून नापास?"

"अवो, परीक्षा तुमची नव्हतीच! पद्धतींची होती!"

पुन्हा आत गेलो. काहीच करायचं नाही, हे किती कठीण असते! दादाच्या खाटेजवळही तसंच झालं होतं. काहीतरी करावं वाटे, अन् करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इथं मात्र पडून राहणंच कामाचं होतं. श्वास आला तसा येऊ देला.

आकडे जुळले. सुमन हसली, थेट दादावानी.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "एवढ्या दूर जाऊन केलं तरी काय?"

मी छाती फुगवून म्हणलं, "काही न करता पडून राह्यलो. सोपं नाही ते!"

"मंग त्याच्यासाठी हैदराबादले काऊन गेले?" ती म्हणली. "इथं रोज दुसरं काय करता?"