काटेवाल्यांचा पॉवर सप्लाय

काटेवाल्यांनी चाळीस वर्षं तराजू दुरुस्त केले आणि त्यातून एकच तत्त्वज्ञान काढलं: जड ते खरं. कुलूप असो, कढई असो, पुस्तक असो, ते आधी हातात तोलून पाहत. "लग्नाआधी मला उचलून पाहिलं नाहीत, एवढंच नशीब," असं बायको म्हणायची. ते राहून गेलं असं त्यांना वाटे की काय, ते चेहऱ्यावरून कळत नसे.

मुलगी इमारतींचे नकाशे काढायची. तिचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि ती सुटे भाग आणून नवा जोडत होती. हार्ड डिस्क मात्र जुनीच लावायची होती. तीत एका दवाखान्याचे नकाशे होते, तीन महिन्यांचं काम, सोमवारी द्यायचं. दुसरी प्रत? "उद्या करते," असं ती तीन महिने म्हणत होती.

राहिला होता पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज सगळ्या भागांना बेतानं वाटून देणारा डबा. बजेट बाकीच्या भागांनी खाल्लं होतं, तेव्हा स्वस्तातलाच घ्यायचा होता.

"बाबा, हा भिकार निघाला ना, तर एकटा जळत नाही. डिस्कला घेऊन जातो."

दुकानदारानं दोन डबे पुढे ठेवले. दोन्हींवर पाचशे वॉट, किमतीत एकोणीस-वीसचा फरक. मुलीनं एकाचं बारीक लेबल वाचायला घेतलं. काटेवाल्यांनी दोन्ही हातांत दोन डबे घेतले आणि डोळे मिटले.

"हा घे. भरीव आहे. तुझा पोकळ."

"याच्यावर लेबलसुद्धा धड नाही, बाबा."

"लेबल कोणीही चिकटवतो. वजन चिकटवता येत नाही."

ज्या माणसानं पारड्यांखाली चिकटवलेलं शिसं जन्मभर खरवडून काढलं, त्यानं हे बोलावं, याकडे त्या वेळी कोणाचं लक्ष गेलं नाही. चांगल्या डब्यात तांबं जास्त म्हणून तो जड असतो, हे मुलीनंही वाचलं होतं. ती नमली.

घरी तिनं स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. काटेवाल्यांनी सवयीनं डबा मधोमध दोन बोटांवर धरला. तो एका बाजूला कलला. तारांमुळे असेल म्हणून त्यांनी तारा हातानं वर उचलून धरल्या. तरी तीच बाजू खाली.

"थांब," ते म्हणाले. या आवाजाला व्यापारी घाबरत.

पंख्याच्या जाळीतून त्यांनी बॅटरीचा उजेड टाकला. आत एका कडेला गंजलेली लोखंडी पट्टी गोंदानं चिकटवलेली होती. तिच्याकडे एकही वायर जात नव्हती. एका घरात राहून कोणाशी बोलायचं नाही, अशा पाहुण्यासारखी ती बसली होती.

दोघं डबा घेऊन परत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, ती उष्णता ओढायला असते."

"गंज लागलेली? गोंदानं लावून? माझ्या धंद्यात याला दुसरं नाव आहे. सांगू मोठ्यानं?"

दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. डबा विनातक्रार बदलून मिळाला.

हलका डबा बसवला. मुलीनं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"हे मागचं बटण कशाचं?" मागून डोकावत बायकोनं विचारलं.

ते डब्याचंच होतं, आणि बंद होतं. ते दाबलं, पंखा फिरला, पडदा उजळला, आणि दवाखाना खोली-खोलीनं, जिन्यासकट उघडला. मुलीनं डोळे पुसले आणि दुसरं काहीही करण्याआधी नकाशांची प्रत काढायला घेतली. प्रत पूर्ण होईपर्यंत कोणी खुर्चीवरून हललं नाही.

मग काटेवाल्यांनी चष्मा लावला, रिकामं खोकं उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक लेबल शेवटपर्यंत वाचलं.

"पाच वर्षांची वॉरंटी आहे," ते बायकोला म्हणाले. "हे काही वजनावरून कळलं नसतं."