ताई, उठू नका

आलेल्या माणसाला दारात उभं ठेवणं आमच्या ताईंना जन्मात जमलं नाही. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तशी कुणाला भीत नाही. पण ताईंचा एक 'बरं' होता. तो कधी रागाचा असायचा, कधी दुःखाचा, आणि तो आला की पुढे बोलायची सोय नसायची. त्या 'बरं'ला मात्र मी भ्यायचे.

बसस्टँडसमोरच्या लॉजमध्ये ताई काउंटरला होत्या. उमेदीची सगळी वर्षं तिथंच गेली. अवेळी बस यायची, अंग आंबलेला, वैतागलेला माणूस बॅग ओढत आत शिरायचा आणि ताई खुर्चीतून उठून म्हणायच्या, "या, दमला असाल." पुढचं सगळं नंतर. आधी पाणी, आधी बसायला खुर्ची. खोल्या म्हणाल तर जेमतेम. गाद्यांना खड्डे, नळाला पाणी आलं तर आलं. तरी माणसं फिरून तिथंच उतरायची. मालक म्हणायचा, आमच्या गाद्याच तशा! डोंबल गाद्या.

मला त्या मिरची म्हणायच्या. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात माझं भाजीवाल्याशी कडाक्याचं वाजलं, तेव्हापासून.

लॉजमधल्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या हाताला कंप सुटला. लिहिताना अक्षर बारीक बारीक होत जायचं. मालकानं दोन गोड शब्द बोलून घरी पाठवलं, आणि ताई आमच्या पुढच्या खोलीत राहायला आल्या. लोकांना वाटतं, कंपवातात नुसते हात थरथरतात. अहो, थरथरणं परवडलं! अंग लाकूड होतं, ते वाईट. सकाळी जाग यायची, पण कूस बदलता यायची नाही. गोळी घ्यायची आणि ती चढायची वाट बघत पडायचं. गोळी चढली की ताई चालायच्या, हसायच्या, माझ्या फोडणीला नावं ठेवायच्या. गोळी उतरली की जिथं असतील तिथं थिजायच्या. उंबऱ्याशी तर हमखास. पाय जमिनीला चिकटायचे, आणि माणूस दारात उभंच.

ताईंच्या पगारातून वर्षानुवर्षं आरोग्य योजनेची वर्गणी कापली जायची. त्या योजनेतून रोज सकाळी एक मदतनीस बाई यायची. आम्ही तिला सकाळवाली म्हणायचो. माझे हे ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. मी कारखान्यात पॅकिंगला, पहिल्या पाळीला. तेव्हा ताईंची सकाळ सगळी तिच्याच हातात. ती ताईंना कुशीवर वळवायची, पाय चोळायची, आंघोळ घालायची, ब्लाऊजचे हूक लावायची. तिची एक युक्ती होती. उंबऱ्याशी ताईंचे पाय अडले की ही त्यांच्यापुढे आपलं पाऊल आडवं ठेवायची आणि म्हणायची, "ओलांडा मला." आणि काय सांगू, इतका वेळ न हललेला पाय उचलायचा! ताई ओलांडून जायच्या आणि मागं वळून म्हणायच्या, "रोज लाथ मारते बिचारीला."

योजना पूर्वी चांगली ऐसपैस होती. मग व्यायामवाले डॉक्टर बंद झाले. मग चांगली गोळी यादीतून गेली आणि तिच्या जागी जी आली ती उशिरा चढायची नि लवकर उतरायची. मग सकाळवालीचा वेळ निम्म्यावर आला. दर वेळी पत्रात तेच वाक्य, 'आपणांस अधिक चांगली सेवा देण्याच्या हेतूने.' वाचलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ताई म्हणायच्या, "जाऊ दे गं. त्यांचंही भागत नसेल."

त्या वर्षी नवीन टूम निघाली. मदतनीस हवी असेल तर ऑफिसातून माणूस येऊन तपासणार, खरंच गरज आहे का. मी आदल्या संध्याकाळी ताईंना बजावलं, "उद्या तपासणीवाल्या बाई येतील. तुम्ही उठू नका. रोज सकाळी असता तशाच राहा."

"आलेल्या माणसासमोर लोळत पडू?"

"हो, पडा."

"नाटक करायला सांगतेस?"

"नाटक कसलं? जे आहे ते दिसू द्या ना!"

"बरं," ताई म्हणाल्या. मला वाटलं, पटलं.

कुठलं पटायला! मी पाळी बुडवून घरी थांबले होते, पण स्वयंपाकघरात. सकाळी त्यांनी काय केलं, तर सकाळवालीकडून गोळी लवकर मागून घेतली. दुपारची जी होती तीही त्यातच. सकाळवालीला काय माहीत? तिला वाटलं, मीच सांगितलं असेल. तिनं छान वेणी घालून दिली, इस्त्रीची साडी नेसवली. आणि योजनेच्या ऑफिसातलं माणूस कधी वेळेवर येत नाही म्हणतात ना? या बाई आल्या. नेमक्या गोळी पुरती चढलेली असताना.

घंटा वाजली. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येते तो ताई दारात! उंबऱ्याशी पाय अडले नाहीत, काही नाही. हसतमुख उभ्या, आणि तोंडात तेच, "या, या. जिना चढून दमला असाल."

बाईही दमलेल्याच होत्या. खांद्याला जड पिशवी, चपलेचा पट्टा पिनेनं अडकवलेला. ताईंनी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. मी "मी करते, मी करते" म्हणत होते, तर मला बाजूला सारून स्वतः चहा टाकला, गाळला, बशीत एक थेंब न सांडता नेऊन दिला. गेली काही वर्षं बंद पडलेल्या लॉजसारख्या गप्प बसलेल्या ताईंना परत गिऱ्हाईक मिळालं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"कपडे स्वतः घालता?" बाईंनी विचारलं.

"घालते की."

"आंघोळ?"

ताईंचा चेहरा जरा लाल झाला. परक्या माणसासमोर आंघोळीचं काय बोलायचं! "माझी मी करते," त्या म्हणाल्या.

मला राहवेना. मी पुढे झाले. "अहो, असं रोज नसतं. तासाभरानं या, बघा."

"मला पुढं अजून घरं आहेत हो," बाई म्हणाल्या. "आणि मला दिसतं तेच लिहावं लागतं."

"आमची भावजय काळजीखोर आहे," ताई हसून म्हणाल्या. "अजून अर्धा कप देऊ?"

दुपारी ताई पार आडव्या झाल्या. गालावर माशी बसली तर ती हाकलायला हात उठेना. मी माशी हाकलली, साडी सैल केली. तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "छान झालं ना गं? बाई चांगल्या होत्या." मी नुसती मान हलवली.

मग पत्र आलं. लाभार्थी आपले दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करतात, घरी आलेल्यांचं आदरातिथ्य करतात, सबब मदतनीस बंद. मी मोठ्यानं वाचत गेले आणि 'आदरातिथ्य'ला माझा आवाज फाटला. ताईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातानंच झालं की गं."

शेवटच्या दिवशी सकाळवालीनं मला पाऊल आडवं ठेवायला शिकवलं. शिकवण्यासारखं त्यात काही नाही, पण माझ्या पावलाला ताईंचा पाय उचलेना. "तुम्ही घाईत आहात," सकाळवाली मला म्हणाली. होतेच घाईत. पहिली पाळी सोडून मी दुसरी मागून घेतली होती. म्हणजे सकाळ सुटली, पण दुपार ते रात्र ताई एकट्या. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून जायचे. परत आले की तो बऱ्याचदा तसाच भरलेला असायचा.

अपील करायचं ठरवलं. फोन केला की एक गोड आवाज सांगायचा, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि गाणं लावून द्यायचा. ते गाणं मला पाठ झालं. पॅकिंग करताना नकळत गुणगुणायला लागले, तेव्हा स्वतःचाच राग आला. योजनेच्या ऑफिसात खिडकीवर गेले तर म्हणाले, हा तक्रारीचा अर्ज आहे, तुम्हाला फेरतपासणीचा हवा. फेरतपासणीचा नेला तर म्हणाले, आधी तक्रार केली आहे का? मी त्या खिडकीवर काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण माझ्या तोंडाचा पट्टा म्हणा की त्यांना आलेला कंटाळा म्हणा, फेरतपासणी मिळाली.

या खेपेला ताईंनी आपणहून गोळी घेतली नाही. "पडून राहते," म्हणाल्या. "बोलणारही नाही." घंटा वाजली तेव्हा त्यांची मान उशीवरून उचलायला लागली. अगदी थोडी. मग परत टेकली.

त्याच बाई. या वेळी त्यांनी सगळं नीट पाहिलं. पलंगाशी वाकल्या, हात वळवून बघितला, कूस बदलायला सांगितली, आणि ताईंना ते जमेना तेव्हा स्वतः आधार दिला. बराच वेळ लिहीत बसल्या. आणि मग पेन मिटून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मध्यंतरी नियम बदललाय. ज्यांची मदतनीस चालू होती त्यांची चालू राहील, पण नव्यांना आता मिळत नाही. तुमची बंद झाली होती, म्हणून तुम्ही नव्यांत धरल्या जाता."

"म्हणजे त्या दिवशी ताईंनी चहा केला नसता तर?"

बाई कागद पिशवीत भरायला लागल्या. माझं डोकंच फिरलं. मी नको नको ते बोलले. त्यांच्या नोकरीला बोलले, साहेबांना बोलले, त्यांच्या लिहिण्याला बोलले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. तेवढ्यात उशीवरून बारीक आवाज आला. इतका बारीक, की मला तोंड बंद करावं लागलं.

"मिरचे, त्यांना काय बोलतेस? चहा टाक."

टाकला चहा. मुद्दाम साखर घातली नाही. बाईंनी तो एक शब्द न बोलता संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि जाताना म्हणाल्या, "मी खास शिफारस पाठवते. मोठ्या ऑफिसातून कुणी खात्री करायला येईल. मात्र ते आधी कळवून येत नाहीत."

त्या 'आधी कळवून येत नाहीत'नं आमच्या घरात ठाण मांडलं. घंटा वाजली की ताई डोळे मिटायच्या. गोळी चढलेली असली, खुर्चीत बसून मटार सोलत असल्या, तरी हातातलं टाकून कुबडीच्या आधारानं पलंगाकडे निघायच्या. "थांब, मिरचे, मी आडवी झाल्यावर दार उघड." दारात गॅसवाला असायचा, नाहीतर शेजारीण वाटीभर साखर मागायला. शेजारीण पुढे पुढे यायची बंद झाली. तिला वाटलं, ताईंना तिचा त्रास होतो. मी किती वेळा सांगितलं, एवढं कशाला? तर म्हणायच्या, "एकदा चुकले ना? आता नाही चुकायची. तुझी पाळी परत मिळायला हवी."

एका सकाळी असाच कुणीतरी आला. मी दार उघडलं तर लॉजचा रूमबॉय! नातवंडं झाली, केस पांढरे झाले, तरी सगळे त्याला रूमबॉयच म्हणायचे. लॉज विकलं गेल्यापासून तो लांब मुलीकडे राहत होता. दोन बस बदलून ताईंना बघायला आला होता. मी हाक मारणार तोच त्यानं पलंगाकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "झोपू द्या," तो कुजबुजला. "आम्हाला झोपायला लावून त्याच जाग्या राहायच्या." आदली रात्र ताईंनी तळमळत काढली होती, मलाही वाटलं खरंच डोळा लागलाय. तो पलंगाशेजारच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसला. चहा नको, खुणेनंच म्हणाला. नुसता बघत राहिला त्यांच्याकडे. मग डोळे पुसले, पेरूंची पिशवी माझ्या हातात दिली, बसची वेळ झाली म्हणाला आणि चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत गेला.

दार लागल्याचा आवाज आला तसे ताईंनी टक्क डोळे उघडले.

"गेले का गं? बराच वेळ बसले होते. मी पापणीसुद्धा हलवली नाही. नीट लिहिलं ना त्यांनी?"

माझ्या हातात ती पिशवी. खोटं तरी काय बोलू?

"रूमबॉय होता, ताई."

क्षणभर त्यांना कळलंच नाही. मग कळलं. "पळ," त्या म्हणाल्या. "बोलाव त्याला. सांग, मी जागी आहे म्हणून. पळ ना!"

मी अनवाणी जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत धावले. बस गेली होती. परत आले तर ताईंनी कसाबसा एक पाय पलंगाखाली सोडला होता. दुसरा वरच अडकलेला. गोळी अजून चढली नव्हती. नजर दाराकडे.

"आला?"

"बस सुटली, ताई."

"बरं," ताई म्हणाल्या.