मागं कुनी ऱ्हायलं का?

"गुर्जी, मागं कुनी ऱ्हायलं का?"

मळवलीच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की कान किटले. विचारणारा शेजारच्या बंगल्याचा म्हातारा राखणदार. पोरांना घेऊन भाज्याच्या लेण्यांकडे निघालो की स्वारी न बोलावता हजर. चालायचा सगळ्यांच्या मागून, आणि दर वळणावर सगळ्यांना थांबवायचा.

"अहो आबा, लेणी कुठं पळून जात नाहीत, पण आज पोचायचं की नाही?" मी वैतागायचो. तो हसायचा. थांबवायचा मात्र.

बंगल्यात एकटाच. लग्न केलंच नाही. चहा दोन कप टाकायचा. मी गेलो तर मला, नाहीतर दोन्ही स्वतःच प्यायचा.

दुसऱ्या महायुद्धात तो बोटीवर आगवाला होता, बॉयलरमध्ये फावड्यानं कोळसा मारायचा. गावचाच जोडीदार दुसऱ्या बोटीवर. तीस-चाळीस मालबोटी कळपानं अटलांटिक ओलांडायच्या, आणि पाण्याखाली जर्मन पाणबुड्या टपलेल्या.

"उजाडताना त्येची बोट फुटली," त्यानं एकदा सांगितलं. "मानसं पान्यात. आमी जवळनंच गेलो, गुर्जी. माज्या नावानं हाक आली. पर हुकूमच तसा, थांबायचं न्हाई. थांबली की तीबी बोट गेली."

"मग?"

"मग काय! माजी पाळी लागली. खाली जाऊन कोळसा मारला."

गावी येऊन जोडीदाराच्या बायकोला मात्र म्हणाला, दुसऱ्या बोटीनं उचललं असंल, यील. तेवढ्यावर ती बाई तीस वर्षं कुंकू लावत राहिली. तिचं घर नदीपलीकडंच. दर सणाला विचारायची, "भावजी, काय कळलं का?" हा मान हलवून परत यायचा.

मी पडलो मास्तर, उपदेशाची खोड. "एकदा सांगून मोकळे व्हा," म्हणालो. सांगितलं त्यानं. तिनं तोंडावर दार लावलं, ते पुन्हा उघडलं नाही. रोज सकाळी हा नदीपर्यंत जायचा, पलीकडं बघायचा, माघारी यायचा. चहा आता एकच कप. माझ्या जिभेला काय हाड होतं का, असं मला फार वाटायचं.

भातकापणीच्या दिवसांत तो गेला. तिरडीमागं आम्ही सात-आठ जण. थोडं चाललो आणि मी सवयीनं मागं वळून पाहिलं. लांबवर ती येत होती, काठी टेकत, कपाळ मोकळं.

"चला, ऊन चढतंय," कोणीतरी म्हणालं. "बायामानसाचं काय काम हितं?"

"तिरडी खाली ठेवा."

"विसाव्याची जागा म्होरं हाय, गुर्जी."

"इथंच ठेवा!" मी ओरडलोच. "मागं कुणीतरी राहिलंय."

तिरडी टेकली. ती पोचेपर्यंत कोणी पाऊल उचललं नाही. धापा टाकत ती त्याच्या उशाशी बसली.

"दार उगडलंय, भावजी," म्हणाली.