खिडकीतला बोळा

अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मला रडू यायच्या आधी राग आला. साधा फ्लू, छातीत उतरला, न्युमोनिया झाला... आणि भाचीचं पहिलं वाक्य काय, तर "मामा, आईला गार वारं बाधलं." बिदरला माझं औषधांचं दुकान आहे. थंडी पडली की हेच वाक्य काउंटरवर दिवसभर ऐकतो. सख्ख्या बहिणीच्या मरणातही तेच ऐकायचं!

अक्काचं सासर औरादचं. दिवाळी सरली की ती पेरू बंद करायची, दही बंद करायची, कानाला मफलर बांधायची आणि खोलीच्या एकुलत्या खिडकीत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायची. दर हिवाळ्यात आमचं भांडण ठरलेलं. "अक्का, वाऱ्यानं फ्लू होत न्हाई गं. कोंदट खोलीत एकजण खोकला की त्याच्या श्वासातला विषाणू सगळ्यांच्या नाकात जातोय. थंड, कोरड्या हवेत तो टिकतोय बी जास्त, अन् आपलं नाक कोरडं पडतंय. खिडकी उघड."

"व्हय, लई शाना झालास! गोळ्या विकायलास ते विक की गुमान." म्हणायची आणि खळखळून हसायची. ती हसली की माझं सगळं शास्त्र संपायचं.

यंदा येळवशीला, मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतपूजेला, आम्ही सगळे दाजींच्या शेतात. उभ्या ज्वारीत कडब्याच्या खोपीतली पूजा, भज्जीची मिसळभाजी, बाजरीची भाकरी, माठातली आंबील आणि अंगावर बोचरं वारं. आंबील म्हणजे अक्काचा जीव की प्राण, पण ती आली नाही. "वारं सोसत न्हाई रे, आंबील बी गार असतीय." घरी थांबली. कुणाजवळ? तापानं फणफणलेल्या, खोकणाऱ्या नणंदेजवळ, दार-खिडकी लावून, एकाच घोंगड्यात! दिवसभर वारं खाल्लेल्या आमच्यातलं कुणी शिंकलंसुद्धा नाही. नणंद बरी झाली. अक्का... काय बोलायचं!

अक्काचे दिवस झाल्यावर त्या खोलीत शिरलो आणि आधी तो बोळा उपसला. दाजी कोपऱ्यात बसून खोकत होते. "कामून काढायलास? तिनं बसवलंय ते." मी म्हटलं, "दाजी, तुम्ही बी खोकायलात. हवा येऊ द्या." ते बोळा मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, पटलं.

परवा पुन्हा गेलो. खिडकीतून लुगड्याचा हिरवा काठ लोंबत होता, अक्का कोंबायची तसाच घट्ट. मी दारातच थबकलो. आतून खोकल्याची उबळ आली, मग दाजींचा आवाज.

"आत ये अन् दार लावून घे. गार वारं यायलंय."