कोठीतलं रडणं

ताडकळसला जाणाऱ्या दोन बस मी परभणीच्या स्थानकावर सोडून दिल्या. पहिलीला गर्दी होती. दुसरीत जागा होती, पण पाय उचलेना. तिसरी आली तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "पोरी, चढायचंय का नुसतं बघायचंय?" मग चढले.

माझ्या अस्वस्थपणाला कारण होतं. वसतिगृहाच्या आमच्या खोलीत आम्ही चौघी. रविवारी मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि जुने भुताचे सिनेमे बघायचे, हा आमचा नेम. बघता बघता आम्ही त्या सिनेमांतल्या घरांची यादीच केली. धुक्यातले बंगले, समुद्रातला किल्ला, घाटातलं बंद पडलेलं विश्रामगृह. सगळी लांबची, आमच्या आवाक्याबाहेरची. एक दिवस ती यादी बघून ग्रंथालयातले काका सहज म्हणाले, "त्यातली एक कोठी तर आपल्याच जिल्ह्यात आहे." सिनेमाचं नाव त्यांनी सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच सिनेमा मला सगळ्यात जास्त घाबरवायचा. त्यात जिन्यावरच्या खोलीतून एक बाळ रडतं, आणि खोली उघडली की आत कुणीच नसतं.

त्या सिनेमाचं नाव या लेखात नाही. कोठीचा फोटोही नाही. त्याचं कारण आधी सांगायला मला जमणार नाही, ते ओघात येईल.

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाचं भित्तिपत्रक निघणार होतं. विषय होता, भीती कशी तयार होते. मॅडमनी विचारलं, कोण काय लिहिणार? मी हात वर केला. तीन वर्षांत वर्गात मी आपणहून हात वर करण्याची ती पहिलीच वेळ. म्हणाले, "मी त्या कोठीत जाऊन येते. फोटो आणते. तिथं भूत नाही, हे लिहिते." मॅडम खूश झाल्या. फळ्यावर माझं नाव लिहिलं. ते नाव आठवडाभर कुणी पुसलं नाही, आणि मी रोज त्याच्याकडे बघत होते.

आमचं गाव राणीसावरगावच्या पुढे. आईवडील दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जातात. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आदल्या दिवशी वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "फी भरून भुतं शिकवायलेत का तिथं?"

"शिकवायले नाहीत आबा, नाहीत म्हणून लिहायचंय."

"मग न्हाई त्येच्यासाठी एवढ्या लांब कशाला जायलीस?"

बसमध्येही तोच प्रश्न डोक्यात होता.

खिडकीबाहेर ज्वारी पिवळी पडत आली होती. हरभरा काढून झालेल्या रानांत वारा माती उडवत होता. मी दर दहा मिनिटांनी मोबाईलची बॅटरी बघत होते.

ताडकळसला उतरले तर आठवडी बाजार भरलेला. मिरच्यांचे ढीग, दोरखंड, प्लास्टिकच्या घागरी आणि त्यातून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. एका हॉटेलात भजी आणि चहा घेतला. अर्धी भजी बशीत तशीच राहिली. शेवटी धीर करून गल्ल्यावरच्या माणसाला कोठीची वाट विचारली. बाकावरची माणसं एकदम माझ्याकडे वळली.

"सिनेमातली कोठी का? एकटीच जायलीस?"

"हो. कॉलेजचं काम आहे."

"तिथं लेकरू रडतंय बाई," डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक जण म्हणाला. "म्या सोता ऐकलंय. गाडी न थांबवता आलो."

दुसरा हसला. "सिनेमावाले जाताना समदं सामान घेऊन गेले, भूत तेवढं इसरले."

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि त्या भरात मी बोलून गेले, "परत येताना इथंच थांबते आणि सांगते, आहे की नाही ते."

"आलीस तर सांगशील ना!" टॉवेलवाला म्हणाला. पुन्हा हशा.

ताडकळसहून रिक्षा केली; कोणत्या बाजूला गेले ते लिहीत नाही. रिक्षावाल्याने एका फाट्यावर रिक्षा थांबवली. कोठी अजून दिसतही नव्हती.

"दादा, अजून पुढे आहे ना?"

"हाय की. पण ताई, माझे टायर लय बारीक हायत."

रस्ता चांगला डांबरी होता. चार वाजता परत न्यायला येईन, असं तो म्हणाला. आत मात्र अजिबात येणार नाही, हेही त्याने दोनदा सांगितलं.

चालताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय ओढत जात असतानाच बाभळींच्या मागे कोठी दिसली.

निजामाच्या राज्यात कुणा अंमलदाराने शिकारीला आल्यावर उतरायला बांधलेली ही दोन मजली इमारत. सिनेमात ती डोंगराएवढी दिसते. प्रत्यक्षात आमच्या ग्रंथालयाहून थोडी मोठी. कमानींच्या खिडक्या मात्र त्याच. डावीकडची, जिच्यातून तो पांढरा हात बाहेर येतो, ती मी लगेच ओळखली. तिच्यात पारव्यांनी घरटं केलं होतं. सिनेमात सगळीकडे धुकं असतं. इथे फुफाटा होता आणि दुपारचं लख्ख ऊन. मला थोडी निराशा वाटली आणि थोडा धीरही आला. वही काढून पहिलं वाक्य लिहिलं : "वास्तू अतिशय साधी आहे."

दार नुसतं लोटलेलं. आत गार काळोख आणि एक उग्र वास. समोर तो जिना. मी मोबाईल वर धरून दोन फोटो काढले, आणि वरून रडण्याचा आवाज आला.

तसाच. बारीक, तुटत तुटत, मध्येच थांबणारा. मग आणखी एक. मग तीन-चार एकदम. माझ्या हातून वही पडली. पळायचं तर एका पायातली चप्पल तुटलेली. मी खालच्या पायरीवर बसले.

"कोण हाय गं?" वरून एका बाईचा आवाज आला. "दार लोट आधी! भाईर पळतील की!"

मी दार लोटलं. रांगत म्हणावं तशी जिना चढले. वरच्या खोलीत, सिनेमातल्या त्याच रिकाम्या खोलीत, वीस-पंचवीस कोकरं होती. काही डाल्यांखाली (बांबूच्या मोठ्या टोपल्यांखाली) झाकलेली, काही मोकळी. भिंतीला टेकून साठीच्या आसपासची एक बाई टकळीवर लोकर कातत होती. माझा चेहरा बघून ती इतकी हसली की टकळी थांबली.

"भ्यालीस का? भी, भी. आमच्यापायीच भ्यायचं असतंय हितं."

त्या सोजरबाई; नाव मी बदललं आहे. मेंढपाळ कुटुंबातल्या. दिवाळीनंतर नवरा आणि दीर मेंढ्या घेऊन या बाजूला येतात, पाऊस लागेपर्यंत राहतात. मोठ्या मेंढ्या दिवसभर चरायला जातात. नुकती जन्मलेली कोकरं एवढं चालू शकत नाहीत, म्हणून ती इथे. आया परत येईपर्यंत ती भुकेने ओरडतात. तेच ते रडणं.

त्यांनी तीन दगडांच्या चुलीवर मेंढीच्या दुधाचा चहा केला, घट्ट आणि जरासा खारट. भाकर आणि ठेचा पुढे ठेवला. सकाळी भजी टाकली होती, आता अख्खी भाकर संपवली. सिनेमाचं शूटिंग त्यांनी मुलगी असताना, माहेरच्या कळपाबरोबर इथे आल्यावर, बघितलं होतं. "धुकं कुठलं? ओली पऱ्हाटी (कापसाची झाडं) जाळली व्हती. ती सिनेमातली बाई खोकून खोकून बेजार. भूत खोकायलंय म्हणून आमी हसायलोत, तर त्यो सायब आमच्यावरच खेकसला."

मी वहीत भराभर लिहीत होते. मला हवं ते सगळं मिळालं होतं. म्हणाले, "मावशी, तुमचा आणि कोकरांचा एक फोटो काढते. कॉलेजात लावणार आहोत. इथं भूत नाही, कोकरं आहेत, हे सगळ्यांना कळू दे. नंतर आमचं मंडळही इथं येईल, पोरं व्हिडिओ करतील…"

टकळी थांबली. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"कुणाला कळू दे?"

"लोकांना."

"पोरी, जीपवाले बी लोकच हायत."

मग त्यांनी सांगितलं. आधी त्या उघड्या रानात वाघर (मेंढ्यांभोवती लावायचं जाळं) लावून राहत. एका वर्षी जीप घेऊन चोर आले. वाघर कापली, मेंढ्या कोंबल्या. आडव्या गेलेल्या दिराचा हात मोडला. तो अजून सरळ होत नाही. तेव्हापासून अंधार पडायच्या आत सगळा कळप या कोठीत. इतक्या वर्षांत एकही जीप या फाट्याकडे वळलेली नाही.

"जवळच्या गावाला माहीत असेल ना?"

"हाय की. त्येंच्याच रानात आमी मेंढ्या बसवतो, खत पडतंय. ते कशाला बोलतील? आन बाजारातल्यानी इचारलं, तर आमच्यापेक्षा लंबे किस्से तेच सांगतेत."

फळ्यावरचं माझं नाव आठवलं. हॉटेलातली माणसं आठवली, ज्यांना मी सांगायचं कबूल केलं होतं. मी अडखळत म्हणाले, "पण मावशी, ते खोटं आहे. लोक उगाच भितात. आम्हाला तेच शिकवतात, की खोट्या भीतीला…"

"खरं हाय तुजं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू शिकलेली हायस. तूच सांग मग, भूत न्हाई म्हणून कळल्यावर माजी कोकरं कुठं ठिवू?"

त्यांनी माझी तुटकी चप्पल ओढून घेतली, कातलेल्या लोकरीचा दुहेरी दोरा दाभणात ओवला आणि अंगठा शिवून दिला. मी मोबाईलमधले खालच्या जिन्याचे दोन फोटो त्यांच्यासमोर पुसून टाकले. त्यांनी ते बघितलं. निघताना एक कोकरू माझ्या ओढणीचं टोक चोखत होतं, ते सोडवून घ्यावं लागलं.

रिक्षा फाट्यावर उभी होती. ताडकळसला बस लागलेली होती. हॉटेल टाळून सरळ चढता आलं असतं. पण मी सांगायचं कबूल केलं होतं. बाजार उठत आला होता आणि बाकावर तीच माणसं बसली होती.

"आली रे!" टॉवेलवाला ओरडला. "काय मग? हाय का न्हाई?"

मी चपलेकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"मी आत गेले होते. वरच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. एक नाही, बरेच होते. माझ्या हातून वही पडली, मी पायरीवर बसूनच राहिले."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. या वेळी कुणी हसलं नाही. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्यापुढे चहा ठेवला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि मला त्याची लाज वाटली. बसमध्ये रस्ताभर वाटत होतं, की एका दिवसात मी भूत पक्कं करून आले.

मॅडमना मी सगळं सांगितलं. कोठी कुठे आहे ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. भित्तिपत्रकात माझी जागा दुसऱ्या मुलीला गेली. हा लेख वार्षिक अंकासाठी लिही, नावं गाळून लिही, असं त्यांनीच सुचवलं. मी केलं ते बरोबर की चूक, ते त्याही म्हणाल्या नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कुणी ती कोठी ओळखली, तर एवढंच मागणं आहे, की चौकशी करू नये.

मागच्या रविवारी खोलीत पुन्हा तोच सिनेमा लागला. जिन्यावरून रडणं सुरू झालं तशा तिघी किंचाळून एकमेकींना बिलगल्या. मी घड्याळाकडे बघितलं. साडेपाच वाजत आले होते. कोकरांच्या आया रानातून परतायची वेळ झाली होती.